सप्रेम भेट आलेले पुस्तक

पुस्तक विकत घेतले म्हणजे वाचकाचे कर्तव्य संपले काय? आणि तेच पुस्तक भेट म्हणून आले असेल तर? प्रश्न साधा दिसतो. पण गेले वर्षभर तो आम्हास स्वस्थ बसू देत नाही.

घडले ते असे. आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्त झाल्यावर कोकणातील आपल्या बालपणाच्या आठवणी लिहून काढल्या. प्रकाशक मिळेना, तेव्हा पदरचे पैसे घालून दोनशे प्रती छापून घेतल्या आणि घरोघरी नेऊन दिल्या. आमच्या प्रतीवर त्यांनी स्वहस्ते 'सप्रेम भेट' असे लिहिले होते. आम्ही ती कपाटात ठेवली. पुढे पेसाहच्या दिवसांत ते भेटले आणि जरा संकोचूनच म्हणाले, "कसे वाटले?" आम्ही म्हणालो, "फारच छान झाले आहे." त्यांचा चेहरा उजळला. आम्ही एक पानही उलटले नव्हते.

गेल्या वर्षी ते वारले. शोकाच्या सात दिवसांत आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्हाला पुस्तक आवडले, हे ते सर्वांना सांगत असत." त्या रात्री आम्ही पुस्तक उघडले. चौतिसाव्या पानावर आमच्या वडिलांविषयी एक हकिकत होती. ती आम्हास ठाऊकच नव्हती. अधिक काही विचारावे, तर आता कोणाला?

लेखकाने स्वतःच वाचक गोळा करून पुस्तक काढावे, ही रीत आपल्या यहुदी लोकांत जुनी आहे. तिचे एक मोठे उदाहरण जर्मनीतले आहे. मोझेस मेंडेलसोन (१७२९–१७८६) हे देसाऊ गावी जन्मले व बर्लिनमध्ये एका रेशमाच्या कारखान्यात नोकरी करीत. त्यांनी तोराचे जर्मन भाषांतर आरंभिले ते आपल्या मुलांसाठी. ते छापावे असा आग्रह मुलांचे शिक्षक सोलोमन दुब्नो यांनी धरला. भाषा जर्मन, परंतु अक्षरे हिब्रू. कारण तेथील पुष्कळ यहुदी लोकांना तीच अक्षरे वाचता येत. १७७८ साली त्यांनी आधी नमुन्याची पाने छापून लोकांपुढे ठेवली, आगाऊ वर्गणीदार मिळविले, आणि १७८० ते १७८३ या काळात पाची पुस्तके पूर्ण केली. वर्गणीदारांच्या यादीत डेन्मार्कच्या राजाचेही नाव होते. एका मित्राने खटपट करून ते मिळविले होते.

आता विचार करावा. डेन्मार्कच्या राजाने हिब्रू अक्षरांतील जर्मन तोरा वाचली असेल असे आम्हास वाटत नाही. तरी त्याचे नाव उपयोगी पडले. आल्टोना शहर तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होते आणि तेथील रब्बी या भाषांतराच्या विरुद्ध होते. म्हणजे पैसे देणे, नाव देणे, हेही साहाय्यच आहे. ते आम्ही हलके लेखीत नाही. परंतु हे भाषांतर जगले ते राजामुळे नव्हे. ज्या गरीब मुलांनी ते हाती धरून जर्मन भाषा शिकून घेतली, त्यांच्यामुळे ते जगले.

आणि विरोधकांचे काय? प्रागचे रब्बी यहेझकेल लांदाऊ यांचे म्हणणे असे, की अशा भाषांतराने मुलांचा वेळ जर्मन शिकण्यात जाईल आणि तोरा त्या भाषेची दासी होईल. मत कठोर खरे. पण पुस्तक वाचणाऱ्याचे काय होईल, याचा त्यात विचार आहे. आमच्या "फारच छान" या दोन शब्दांत तेवढाही विचार नव्हता. ज्याला आपण शिष्टाचार म्हणतो तो पुष्कळदा आळसच असतो, आणि लेखक मात्र ती खरी पावती समजून जपून ठेवतो.

कोणी म्हणेल, सगळीच पुस्तके वाचावयास वेळ कोठे आहे? आणि सगळीच चांगली थोडीच असतात? हे मान्य. पुस्तक आवडलेच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. लेखकानेही स्तुतीची वसुली करीत फिरू नये. मेंडेलसोन यांनी जशी आधी नमुन्याची पाने दाखविली, तशी वाचकाला निवड करू द्यावी. परंतु भेट एकदा हाती घेतली की निदान खरे बोलण्याचे ऋण तरी लागते. "अजून वाचले नाही" हे तीन शब्द म्हणावयास वेळ लागत नाही.

बर्लिनमध्ये जेथे १० मे १९३३ रोजी पुस्तके जाळली, त्या चौकात जमिनीखाली एक पांढरी खोली आहे. इस्राएलचे शिल्पकार मिखा उलमान यांनी ती १९९५ साली केली. वरच्या काचेतून वाकून पाहिले की सुमारे २०,००० पुस्तके मावतील एवढी रिकामी फडताळे दिसतात. ते कृत्य वैऱ्याचे होते. त्याची तुलना आमच्या आळसाशी करणे योग्य नव्हे. तरीपण ती फडताळे आठवली की आमचे भरलेले कपाट डोळ्यांपुढे येते. त्यात आमच्याच माणसांनी पोटाला चिमटा घेऊन छापलेली मराठी पुस्तके आहेत आणि कित्येकांची पाने अद्याप उलटलेली नाहीत. ती कोणी जाळली नाहीत. ती वाचणारी माणसे मात्र आमच्या पिढीबरोबर संपत आहेत. आमच्या नातवंडांना मराठी समजते थोडी, वाचता येत नाही.

मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली, ती आपल्या वाडवडिलांना घरच्या भाषेत अर्थ कळावा म्हणून. आज नातवंडांना अर्थ कळावयाचा तर आपल्यालाच मोठ्याने वाचावे लागेल. शब्बाथ संपल्यावर दर आठवड्यास अर्धा तास आम्ही आता ते पुस्तक घरात वाचून दाखवितो. चौतिसावे पान दोनदा वाचून झाले. नातू विचारतो, "पुढे काय झाले?" त्याला आम्ही खरे सांगतो, की ज्यांना ठाऊक होते त्यांना आम्ही विचारले नाही.

आपल्या कपाटातही असे एखादे पुस्तक असेल. त्याचा लेखक हयात असेल तर आजच उघडावे.