पिकलेला मध



मागे एका रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “फादर, हनी म्हणजे मध ना? मग इंग्रजी सिनेमात नवरा बायकोला हनी का म्हणतो? ती काय बाटलीत असते?” सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न मनातून गेला नाही.

इंग्रजीत हनी म्हणजे मध. तोच शब्द पतिपत्नी एकमेकांना आणि आईवडील लेकरांना लाडाने वापरतात. त्याच शब्दापासून ‘हनीमून’ झाला आणि त्यावरून आपला ‘मधुचंद्र’. सोळाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी या शब्दात एक चिमटाही ठेवला होता : नवलाईचे प्रेम पौर्णिमेच्या चंद्रासारखे, पुढे ते कमी कमी होत जाणार! अलीकडे वर्तमानपत्रांत ‘हनीट्रॅप’ हा शब्द येतो, म्हणजे गोडीचे आमिष दाखवून लावलेला सापळा. शब्द एकच. कुठे तो माया, कुठे चार दिवसांची गोडी, तर कुठे फसवणूक.

आपली मराठी तरी कुठे मागे आहे? मध तोच, पण ‘मधाचे बोट लावले’ म्हटले की आपण सावध होतो. आशा दाखवली, हाती काही दिले नाही, असा त्याचा अर्थ.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना विट्गेन्स्टाइन या विचारवंताची ओळख झाली. त्यांचे मोठे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1953 साली प्रसिद्ध झाले. शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरातच शोधावा, असे त्यांनी त्यात मांडले. तेव्हा हे मी परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा अर्थ कळला तो फार पुढे, एका घराच्या ओसरीवर.

मी पूर्वी होतो त्या धर्मग्रामात एक आजोबा अंथरुणाला खिळले होते. रस्त्यात त्यांच्या घरचे भेटले की मी म्हणायचो, “येतो हं, याच आठवड्यात नक्की येतो.” मी खोटे बोलत नव्हतो. म्हणताना मला यावेसेच वाटत असे. पण कधी मीटिंग निघाली, कधी पाहुणे आले, कधी नुसता कंटाळा आला. तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात मी गेलो तो अंत्यविधीसाठी. आजी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “फादर, रोज सकाळी ते तुमच्यासाठी पलंगाजवळ खुर्ची ठेवायला लावायचे.”

ती खुर्ची अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझा ‘येतो’ हा शब्द किती गोड होता! पण माझ्या वापरात त्याचा अर्थ ‘येणार नाही’ असा झाला होता. मी एका मरणाऱ्या माणसाला मधाचे बोट लावले होते.

पवित्र शास्त्राला मधाच्या या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायात ममतेच्या शब्दांना मधाच्या पोळ्याची उपमा दिली आहे. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ओठांतून मध गाळणाऱ्या आणि शेवटी कडू ठरणाऱ्या मोहाबद्दल इशाराही आहे. मग खरा गोडवा ओळखायचा कसा?

आपल्या कऱ्हांडल्याच्या जंगलाकडे पाहा. उंच झाडाच्या फांदीला आग्या मोहोळ लटकलेले असते. दुरून ते नुसते काळे दिसते, पण आत काम अखंड चालू असते. फुलातून आणलेला रस म्हणजे लगेच मध नव्हे. तो गोड असतो खरा, पण पाण्यासारखा पातळ. माश्या तो एकमेकींच्या तोंडात देतात, घरात भरतात, पंखांनी वारा घालून त्यातले पाणी आटवतात. दाट झाला की मेणाने घर बंद करतात. असा पिकलेला मध वर्षानुवर्षे टिकतो. पातळ, कच्चा काढला तर तो आंबतो. एक माशी जन्मभर राबली तरी एक चमचाही मध भरत नाही.

आपल्या शब्दांचेही तसेच आहे. ‘येतो’, ‘करतो’, ‘पुढच्या महिन्यात पैसे देतो’, ‘आई, यंदा नाताळला नक्की गावी येऊ’ हा सगळा फुलातला रस आहे. कष्ट घालून तो आटवला, शब्दाप्रमाणे वागलो, तर त्याचा मध होतो. नाहीतर तो आंबतो, आणि ज्याला दिला त्याचे मन त्याने आंबट होते.

देवाने आपल्याला गोड शब्दांवर ठेवले नाही. त्याचा शब्द देहधारी झाला, आपल्यात राहिला, क्रुसापर्यंत गेला. म्हणूनच संत योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतात की प्रीती जिभेने नव्हे, तर कृतीने करावी.

या आठवड्यात एकच करा. आपण कोणाला दिलेला आणि अर्धवट राहिलेला एक शब्द आठवा, आणि पुढच्या रविवारच्या आत तो पुरा करा. बायकोला हनी म्हणा अथवा म्हणू नका. ती आजारी असेल तर दवाखान्यात सोबत जा. कोणीतरी आपल्यासाठी खुर्ची मांडून बसले असेल. ती रिकामी राहू देऊ नका.

मीही यादी केली आहे. माझ्या यादीत तीन घरे आहेत.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू, उमरेड