सप्ताहाची पंगत आणि आषाढातली कणगी

अन्नदानाचे पुण्य देणाऱ्याच्या भावनेवर ठरते की घेणाऱ्याची भूक खरोखर भागली यावर, हा प्रश्न भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत निव्वळ पोथीतला राहत नाही. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पाऊस उदंड, पण शेती बहुतेक एकपिकी: खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. भात दिवाळीच्या सुमारास घरात येतो. आषाढ-श्रावणात लावणीचे कष्ट आणि रिती होत आलेली कणगी एकदमच वाट्याला येतात. १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेच्या कोरड्या मुलखात जाते, पानशेत-वरसगावचे पुण्याला. नदीकाठची कसदार जमीन मात्र इथल्या गावांची बुडाली. तेव्हा इथल्या रिकाम्या कणगीसाठी बाहेरून येणाऱ्या मदतीला उपकार म्हणण्यापेक्षा देणे म्हणणेच न्यायाचे.

तैत्तिरीय उपनिषदात अन्न हेच ब्रह्म आहे. भरपूर अन्न मिळवावे आणि दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, ही तिथे व्रते मानली आहेत. गावच्या हरिनाम सप्ताहात घरटी तांदूळ, डाळ, गूळ गोळा होतो. बागायतदाराची पायली आणि विधवेची मूठ एकाच हंड्यात शिजते, मग कुणाचे किती हे वेगळे काढता येत नाही. म्हणून जेवणारा कुणाचाच मिंधा होत नाही. प्रथेचे हे मोठेपण खरे, पण त्याच गावांतून पंगती जातवार बसत, हेही तितकेच खरे. भुकेल्याला अन्न देणे हीच देवपूजा, असे गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनातून सांगत राहिले ते याच समाजाला.

महाप्रसादाने एक दिवस भागतो. बाळाचे वजन आणि बाईच्या अंगातले रक्त वर्षभराच्या ताटावर ठरते. ज्ञान प्रबोधिनीने या भागात उभ्या केलेल्या महिलांच्या बचत गटांचे मोल इथे कळते: अडीनडीच्या दिवसांत बाई स्वतःच्या साठ्यातून कर्ज काढते, सावकाराची पायरी चढत नाही. १९७५ पासूनची अंगणवाडी योजना आणि २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा यांनी वर्षभराचे हे ताट हक्काच्या भाषेत मांडले. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, आणि सप्ताहाच्या हंड्याप्रमाणे तिथेही देणाऱ्या कुणा एकाचे तोंड दिसत नाही.

रेशनवर मात्र मुख्यतः तांदूळ-गहूच येतो. वरई उपवासाला चालते म्हणून तिला मान आहे. नाचणीत पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असूनही तिला गरिबाचे धान्य म्हणून मागे ठेवले गेले. अंगणवाडीच्या खाऊत आणि सप्ताहाच्या प्रसादात तिला जागा देण्याच्या आड कोणतेही शास्त्र येत नाही.