नंबर लागल्यानंतर

नंबर लागल्याची बातमी आली की पहिला फोन मामाला जातो, पेढे येतात, आणि मुलगी काय शिकते हेही ज्यांना कालपर्यंत ठाऊक नव्हतं ते शेजारी कट-ऑफ विचारू लागतात. या आनंदाला नावं ठेवायचं कारण नाही. मला खुपतं ते वेगळंच. नंबर लागणं आणि प्रवेश पक्का होणं यांत काही दिवसांचं अंतर असतं. त्या दिवसांत मुलाची परीक्षा संपलेली असते आणि घराची सुरू झालेली असते.

२०२४ मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. जागा राखायला १७,५०० रुपये भरायचे होते आणि हाती चार दिवस होते. पैसे जमले, पण भरता भरता शेवटच्या काही मिनिटांत पोर्टल बंद झालं. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा ३० सप्टेंबरला न्यायालयाने जादा जागा निर्माण करून त्याला घ्यायला सांगितलं. त्याआधी २०२१ मध्ये मुंबईच्या आयआयटीत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचे पैसे तांत्रिक अडचणीमुळे वेळेत भरले गेले नव्हते. त्यालाही याच न्यायालयाने जागा मिळवून दिली. दोन्ही खंडपीठांचे प्रमुख न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. निकाल चांगलेच लागले, पण फी भरण्यासाठी देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाचं दार ठोठावावं लागावं, ही काय व्यवस्था झाली? जे तिथवर पोचत नाहीत, त्यांची जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते आणि कुठे नोंदही राहत नाही.

डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना आपण पदव्यांची यादी वाचतो. तीच गोष्ट पैशांच्या बाजूने वाचून पाहावी. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला: तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. म्हणजे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाऊल ठेवण्याआधीच पैशांचं काय, हे ठरलेलं होतं. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. निघताना त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली होती, की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ पैसे दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. साम्राज्याच्या राजधानीतलं विद्यापीठ वसाहतीतल्या एका विद्यार्थ्यासाठी चार वर्षं थांबायला तयार होतं. आमचं पोर्टल चार दिवसांवर एक मिनिटही थांबत नाही.

यावर उत्तर तयार असतं: मुदत नसेल तर पुढच्या फेऱ्या कशा होणार, यादीत खाली ताटकळणाऱ्या मुलांनी काय करायचं? आक्षेप खरा आहे. राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्या तारखांशिवाय चालणारच नाहीत. पण ‘मला ही जागा हवी’ हे मुदतीत कळवणं वेगळं आणि मुदतीत पैसे भरणं वेगळं. पहिल्यासाठी तारीख कडक असू द्या, दुसऱ्यासाठी हप्ते द्या. आज उलट घडतं. जातवैधतेचा कागद समितीच्या टेबलावर असतो, नॉन-क्रिमी लेयरसाठी सेतू केंद्रात रांग असते, शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून यथावकाश यायची असते, आणि होस्टेलची अनामत व मेसचे पैसे मात्र आत्ता हवे असतात. सधन घराला हे सगळं त्रासदायक वाटतं एवढंच. गरीब घराची जागाच त्यात जाते, आणि वर आपण म्हणतो, मुलगा कुठे कमी पडला कोण जाणे.

मला वाटतं, जागा मिळाल्याचं पत्र आणि फीमाफी-शिष्यवृत्तीचा निर्णय एकाच दिवशी हातात पडला पाहिजे. अर्जाबरोबरच उत्पन्नाचा दाखला घेता येतो, मग तो निर्णय नंतर कशाला? विद्यापीठांनी आणि सरकारने एवढं जरूर करावं. तोवर आपल्या ओळखीत कुणाचा नंबर लागला तर अभिनंदनाच्या जोडीला दोन प्रश्न विचारा: पैसे भरायची शेवटची तारीख कधी आहे, आणि किती कमी पडताहेत?