शून्याची नोंद

कार्तिकात धान कापून बांधीत कडपे पडले, की एखाद्या सकाळी मी गावामागच्या डोंगरीवर जाऊन बसतो. सोबत वही आणि पाण्याची बाटली. दहाच्या सुमारास ऊन तापतं आणि गरम हवेवर मोठी पाखरं वर चढायला लागतात. त्यातली गिधाडं मोजायची, एवढंच काम.

लहानपणी गिधाडं कोणी मोजत नव्हतं. मेलेलं ढोर बंडीत घालून माळावर टाकलं, की घटकाभरात शेदीडशे उतरायची. दुसऱ्या दिवशी नुसती हाडं. आम्हाला त्यांची किळस यायची. मोजणार कोण?

1998 च्या आसपास माझ्या पांढऱ्या बैलाचा खांदा सुजला. गावोगाव फिरणाऱ्या एका माणसानं सुई दिली. सूज उतरली, बैल मात्र तिसऱ्या दिवशी गेला. रीतीप्रमाणं माळावर नेऊन टाकला. पुढं चार-सहा दिवस नाल्यावरच्या अर्जुनाच्या झाडावर तीन गिधाडं माना खाली टाकून बसलेली दिसली. मला वाटलं, पोट भरलं असंल.

औषधाची शिशी गोठ्याच्या वळचणीला पडून होती, म्हणून नाव ध्यानात राहिलं. डायक्लोफेनॅक. त्या औषधानं गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात, हे शास्त्रज्ञांनी 2004 साली दाखवलं. 2006 मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. तोवर फार उशीर झाला होता. 1992 साली देशात पांढऱ्या पाठीची हजार गिधाडं होती असं धरलं, तर 2007 पर्यंत त्यातलं एक उरलं. मादी वर्षाला एकच अंडं घालते. भर पडणार तरी कशी?

माझा दोष किती, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. मला ठाऊक नव्हतं, हे खरंच आहे. कोणत्याही पंचासमोर मी सुटलो असतो. पण ‘ठाऊक नव्हतं’ हे उत्तर ठाऊक होईपर्यंतच चालतं. त्यानंतर आपण काय केलं, ते सांगावं लागते. मी आता सुईच्या आधी औषधाचं नाव विचारतो, मेलॉक्सिकॅम मागतो. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांना बिनऔषधाचं मेलेलं ढोर घालायच्या जागा केल्या, तेव्हा माझा म्हातारा बैलही तिथंच दिला. आणि दरवर्षी मोजायला बसतो.

मागच्या कार्तिकात नातू सोबत होता. एक पाखरू दिसलं की ओरडायचा, “आबा, आलं!” मी शेपटी दाखवायचो. मधी खाच आहे, म्हणजे घार. एकदा ससाणा गेला. दोन वाजेपर्यंत गिधाड काही आलं नाही. मी वहीत तारीख घातली आणि पुढं शून्य लिहिलं.

“काहीच नाही दिसलं, तं लिहता कायले?” तो म्हणाला. “पान कोरं ठेवा ना.”

मी म्हटलं, “बापू, कोरं पान म्हणजे कोणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे कोणीतरी दिवसभर वर पाहत बसलं होतं.”

आमच्यात रास मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन. डोंगर उतरताना नातवाला तेही सांगितलं. पुढच्या वर्षी वही त्याच्या हातात देणार आहे. गिधाड दिसलंच, तर पहिला शब्द काय म्हणायचा ते त्याला ठाऊक असावं.