पात्राचा स्वभाव, खेळाडूची जबाबदारी

"माझं पात्र चोरच आहे, मग सोबत्यांचा खिसा का कापू नये?" पुण्यातल्या आमच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं रंगवण्याच्या खेळाच्या गटात यावरून वाद पेटला, तेव्हा खेळ मी चालवत होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या या खेळात वीस बाजूंचा फासा वार लागला की नाही ते सांगतो. दुखावलेल्या मैत्रिणीचं काय करायचं, ते नाही. ते बोलूनच ठरवावं लागतं, आणि भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायदर्शनात चर्चा तीन प्रकारची: सत्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, नुसतं खोडण्यासाठी वितंडा. नियमांचं पुस्तक उघडलं की आमचा जल्प सुरू होतो, म्हणून मी ते मिटायला लावते. पात्राचा स्वभाव निवडला कोणी? खेळाडूनेच. मग त्याच्या कृत्याचं उत्तरही खेळाडूनेच द्यायला हवं. चोराने चोरी जरूर करावी, पण जिच्या पात्राचा खिसा, तिची संमती आधी घेऊन.