पदर, बुरखा आणि शेजारधर्म

शास्त्रपाठ : योहान ४:५-२६, रोम १४:१-१३



उज्जैनच्या टावर चौकात उन्हाळ्याच्या दुपारी उभे राहून पाहावे. उन्हापासून ओढणीने तोंड बांधलेल्या मुली जातात, घूंघट घेतलेल्या खेड्यातल्या बाया जातात, बुरखा घातलेल्या भगिनीही जातात. पहिल्या दोघींविषयी कोणी काही बोलत नाही. तिसरीविषयी मात्र वाद पेटतो. त्या वादात आपण ख्रिस्ती लोकांनी कसे बोलावे?

२०२४ साली मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांना मनाई केली. नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. २६ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब व टोपीवरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. शिकवताना विद्यार्थिनीचा चेहरा दिसावा, ही शिक्षकाची अपेक्षा अवास्तव नाही. श्रद्धेप्रमाणे डोके झाकावे, ही तिची इच्छाही क्षुल्लक नाही.

आपल्या भगिनीही प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात. कोणी श्रद्धेने, कोणी सासूबाईंच्या रीतीने, कोणी लोक काय म्हणतील म्हणून. बुरख्यामागेही अशीच निरनिराळी कारणे असतात. कोणाचे कारण कोणते, हे तिला विचारल्यावाचून कळत नाही.

याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीने उपासनेच्या जागेचा जुना वाद काढला. प्रभूने सत्य लपवले नाही. पण आधी तिच्याकडे पाणी मागितले, तिला बोलू दिले, तिचे ऐकून उत्तर दिले. पौलही खाण्यापिण्याच्या आणि सणवारांच्या वादात रोमच्या मंडळीला बजावतो की, प्रत्येकाने आपला हिशेब देवाला द्यायचा आहे; दुसऱ्याचा निवाडा आपल्या हाती नाही.

इराणचा कायदा स्त्रीला डोके झाकायला लावतो. फ्रान्सचा २०१० चा कायदा सार्वजनिक जागी चेहरा झाकू देत नाही. दोन्हीकडे तिच्यासाठी दुसऱ्यांनीच ठरवले. धाकाने घातलेला बुरखा हा अन्याय, तसाच धाकाने उतरवलेलाही. ज्या देवाने आपल्याला मोकळ्या मनाने बोलावले, त्याला सक्तीची भक्ती कशी आवडेल?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांनी हा विषय काढला तर तो टाळू नका. दोन्ही बाजू मांडू द्या. नियम एकच ठेवा : जे त्या भगिनीच्या समोर बोलवणार नाही, ते तिच्या पाठीमागेही बोलायचे नाही.

प्रभू आपल्याला ऐकणारे कान आणि संयमी जीभ देवो. आमेन.