हात कोणासाठी स्थिर करावयाचा?

हाताला कंप सुटलेला माणूस पाहिला की आपल्याला प्रथम थरथर दिसते. त्याला स्वतःला मात्र बशीत सांडलेला चहा, ओवली न जाणारी सुई आणि बँकेत न जुळणारी सही दिसते. म्हणून मनगटाला पट्टा बांधून हा कंप आवरावयाचा झाल्यास पहिला प्रश्न नैतिक ठरतो : तो कोणासाठी आवरावयाचा? पाहणाऱ्यांसाठी, की त्या माणसासाठी?

येथे आम्हांस अहिल्यानगर जिल्ह्यातीलच जामखेडचे स्मरण होते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याच्या कार्यशाळेत गावचे साधे कारागीर जयपूर पाय आणि कॅलिपर घडवू लागले. जयपूर पाय घालून उकिडवे बसता येते, चिखलात अनवाणी चालता येते. कारण तो शेतकऱ्याच्या जगण्यावर बेतलेला आहे.

हाताच्या पट्ट्यालाही हाच न्याय लावावयास हवा. पार्किन्सनच्या आजारात हात बहुधा स्वस्थ असताना थरथरतो. दुसऱ्या एका नेहमीच्या प्रकारात काही उचलू लागताच थरथरतो. पट्ट्याने वजन वाढवून वा मनगटाची जलद हालचाल रोखून कंप कमी करता येतो. परंतु मनगट फार आवळले तर भाकरी थापता येत नाही. वजन फार झाले तर हात भरून येतो. आणि बक्कल लावण्यासच स्थिर हात लागत असेल, तर तो पट्टा परावलंबन वाढवितो. तेव्हा माप मनगटाचे घ्यावे, तसेच त्या माणसाच्या दिनक्रमाचेही घ्यावे.

कोणी म्हणेल, दुःख स्वीकारावे. पोप जॉन पॉल दुसरे २००५ साली निधन पावले. तत्पूर्वीची कित्येक वर्षे ते थरथरत्या हातानिशी जगासमोर येत राहिले. माणसाची प्रतिष्ठा हाताच्या स्थिरतेवर अवलंबून नसते, हे त्यांनी दाखविले. परंतु स्वीकार हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. शेजाऱ्याने तो सुचविणे म्हणजे मदत टाळणे होय. तसेच, चारचौघांत लाज वाटते म्हणून घरच्यांनी पट्ट्याची सक्ती करणेही अन्यायाचे.

माप घेणाऱ्याने आधी एवढेच विचारावे : "आजी, या हाताने तुम्हांला काय करायचंय?" उत्तर भाकरी असेल, सही असेल, कदाचित जपमाळेचे मणी ओढणे असेल. पट्टा त्या उत्तराप्रमाणे शिवावा.